काकांची लेन्सपेटी आणि दोन जुन्या बॉड्या : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

काकांची लेन्सपेटी आज बडोद्यातल्याच समा भागातून दांडिया बाजारात आमच्याकडे आणली. गेल्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी समा भागात शिरलं तेव्हा ही पेटी कपाटाच्या अगदी खालच्या खणात होती. पाणी पेटीला लागलं नाही, पण ओल लागली. त्यानंतर नऊ-दहा महिने ती कुणी उघडलीच नाही. घर सावरण्यात सगळ्यांचे हात गुंतले होते.

आत निघालं ते असं : झेनिट कॅमेऱ्याबरोबर आलेली हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२), सुपर टाकुमार (५० मिमी, एफ/१.४), निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ आणि रुमालात गुंडाळलेला, पाठ तुटलेला अग्फा क्लिक ३ कॅमेरा. रावपुऱ्यातल्या स्टुडिओत अर्ध्या बडोद्याच्या नवरानवरींचे चेहरे त्या १०५ मधून गेलेत. स्टुडिओ बंद केल्यापासून काकांनी कॅमेरा हातात धरलेला नाही.

ठरवलं आहे ते लिहून ठेवते. यंदा गणपती २७ ऑगस्टला आहेत. तोवर या लेन्सेसना चालेल अशी एक जुनी मिररलेस बॉडी नक्की करायची आणि गौरीचा फोटो काकांनी काढायचा. बॉडी आणि अॅडॉप्टर (लेन्स बॉडीला जोडणारं कडं) मिळून पंधरा हजारांच्या वर जायचं नाही.

१० जून

भावाच्या निकॉन डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर, हेलिओस लावून पाहिली. खोलीतलं सगळं दिसतं, खिडकीबाहेरचं काही केल्या स्पष्ट होत नाही. कारण साधं आहे. लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर हेलिओससारख्या स्क्रूवाल्या एम४२ लेन्सला ४५.४६ मिमी लागतं. निकॉनचं अंतर आधीच ४६.५ मिमी आहे. मधे अॅडॉप्टर घातला की लेन्स आणखी पुढे जाते आणि लांबचं फोकस हातचं जातं. काच घातलेले अॅडॉप्टर मिळतात, पण चांगल्या लेन्सच्या मागे हलकी काच बसवायला माझं मन धजत नाही.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे बॉडी पातळ असते. सोनीच्या ई माउंटचं (माउंट म्हणजे लेन्स बसते ते कडं) हे अंतर १८ मिमी, ऑलिंपस-पॅनासॉनिकच्या मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५. म्हणजे एम४२ आणि ई माउंटच्या मधे २७.४६ मिमीची रिकामी नळी बसली की काम झालं. नळीत काच नाही, तार नाही. जुन्या लेन्सेसना दुसरा जन्म मिळाला तो या रिकाम्या जागेमुळे.

१४ जून, शनिवार

अलकापुरीतल्या एका सेकंडहँड दुकानात दोन तास काढले. तीन बॉड्या हाताळल्या.

ऑलिंपस ई-पी१ (२००९) फार देखणी. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारं स्टेबिलायझेशन बॉडीतच आहे, म्हणजे चाळीस वर्षांच्या लेन्सलाही ते मिळतं. लेन्स किती मिमीची ते आपण हाताने भरायचं. पण डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर वरून बसवायची सोयही नाही. ती सोय पुढच्या ई-पी२ मध्ये आली. मागचा स्क्रीन इतका भरड की पापणी आणि भुवई वेगळी दिसेना. ठेवून दिली.

पॅनासॉनिक लुमिक्स जी१. २००८ साली आलेली, मायक्रो फोर थर्ड्सची पहिली आणि आज आपण ज्याला मिररलेस म्हणतो त्या जातीतली मूळ बॉडी. १२ मेगापिक्सेल. व्हिडिओ अजिबात नाही. मात्र डोळ्याला लावायचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आहे, १४ लाख ४० हजार डॉट्सचा. मान झटकन वळवली की त्यात कडांना लाल-हिरवे रंग फाटताना दिसतात.

सोनी नेक्स-५एन (२०११). १६ मेगापिक्सेल, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे जी१ च्या दीडपटीहून मोठा. रात्रीच्या फोटोत दोघींची तुलनाच नाही. मागचा स्क्रीन सुरेख, वर-खाली वळणारा. फोकस पीकिंग आहे, ज्या कडा स्पष्ट आल्या त्यांच्यावर रंगीत रेघ उमटते. व्ह्यूफाइंडर वेगळा घ्यावा लागतो आणि दुकानात तो नव्हता.

मन सोनीवर बसलंय. पाच हजारांत जी१ पण मिळत होती म्हणून तीही घेतली, पडताळून बघायला. पंधरा हजारांची मर्यादा अॅडॉप्टर धरून थोडी ओलांडली.

२२ जून, रविवार

दिवसभर बुरशी.

हेलिओसच्या पुढच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, कडेपासून मध्याकडे आलेले. नावाचं पुढचं कडं रबराचा तुकडा दाबून फिरवलं आणि सुटलं. आतली कडी सोडवायला दोन टोकांचा पाना लागला, तो सायकलवाल्या मित्राकडून आणला. काच बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समसमान घेतलं, लेन्स टिश्यूचा बोळा भिजवून मधून कडेकडे फिरवला. तंतू गेले. मग दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा दोन ठिकाणी कोटिंगवर फिकट ओरखड्यासारखी नक्षी दिसली. बुरशी कोटिंग खाते, ते परत येत नाही. फोटोत मात्र ती दिसत नाही, समोर दिवा असेल तेव्हाच थोडा धूसरपणा येतो.

१०५ वर फक्त धूळ निघाली. काकांनी ती चामड्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवली होती. स्टुडिओची लेन्स म्हणून तिला वेगळी वागणूक असायची, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिला हात लावला तर ओरडा पडायचा.

टाकुमारची काच चहासारखी पिवळी. त्या काळच्या या काचेत थोरियम असायचं आणि वर्षांनुवर्षं ती अशी पिवळी पडते. ऊन दाखवलं की उतरते. पण आता पावसाळा लागला, ऊन कुठून आणणार? तोवर पांढऱ्या रुमालावर व्हाइट बॅलन्स घेऊन काम चालवते. काका म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइटला हीच तर मजा होती गं, पिवळा फिल्टर फुकटात." ते खरंच आहे, आभाळ थोडं गडद यायचं. तरी प्रकाश खाते ती खातेच.

२९ जून, रविवार

सोनीसाठी मागवलेल्या एम४२ अॅडॉप्टरची परीक्षा गच्चीवरून रावपुऱ्याच्या टॉवरवर घेतली. १८९६ चा चिमणाबाई टॉवर, त्याच्या घड्याळाचे काटे हे आमचं निशाण.

हेलिओसच्या रिंगवर १० मीटरचा आकडा आला तेव्हाच काटे धारदार झाले. अनंताच्या (∞, सगळ्यात लांबच्या) खुणेपर्यंत फिरवलं तर पुन्हा अंधुक. म्हणजे अॅडॉप्टर पातळ आहे. बनवणारे मुद्दाम थोडा पातळ ठेवतात, लांबचं फोकस हुकायला नको म्हणून. सेन्सरवरचं चित्र बघूनच फोकस करणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण काका आकड्यांवर काम करणारे आहेत. लग्नाच्या मांडवात अंतराचा अंदाज घ्यायचा, रिंग तीन मीटरवर ठेवायची आणि फोटो घ्यायचा, ही त्यांची पद्धत. आकडे खोटं बोलले तर त्यांचा लेन्सवरचा विश्वास उडेल.

हिशोब केला. ५८ मिमीची लेन्स १० मीटरवर असताना अनंताच्या जागेपासून ५८ गुणिले ५८ भागिले १०,००० इतके मिमी बाहेर आलेली असते, म्हणजे ०.३४ मिमी. तेवढाच अॅडॉप्टर कमी पडतोय. साधा छपाईचा कागद ०.१ मिमीचा. मागच्या चकतीचे चार स्क्रू काढले, कागदाची तीन कडी कापून मधे घातली, पुन्हा आवळलं. काटे अनंताच्या खुणेच्या केसभर अलीकडे धारदार. एवढं पुरे.

दुसरी अडचण : लेन्स पूर्ण आवळली की तिची खूण खाली, बॉडीच्या पोटाशी जात होती. अॅडॉप्टरच्या बाजूचे तीन बारीक स्क्रू सैल करून आतलं कडं फिरवलं, खूण वर आणली. जी१ च्या अॅडॉप्टरवरही हेच केलं, तिथे दोनच कागद लागले.

६ जुलै, रविवार, देवपोढी (आषाढी) एकादशी

मांडवीजवळच्या विठ्ठलनाथजींच्या देवळातून वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. काकांना सोनी आणि हेलिओस देऊन उभं केलं.

ढग होते, तरी आभाळाचा पांढरा उजेड स्क्रीनवर पडत होता. काकांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, लांबचं लख्ख दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय नाही. चष्मा लावला तर स्क्रीन दिसतो आणि पालखी धुरकट होते, काढला तर पालखी दिसते आणि स्क्रीन धुरकट. चष्मा वर-खाली करता करता पालखी पुढे निघून गेली. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "तूच काढ गं, मला नाही जमत आता."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. बॉडी निवडताना मी सेन्सर बघत होते. डोळा कुणाचा, हे बघितलंच नव्हतं.

१३ जुलै, रविवार

आज जी१. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डायऑप्टरची, म्हणजे नजरेचा नंबर जुळवायची, छोटी चकती असते. चष्मा काढून काकांनी डोळा लावला, मी सांगितलं, आतले आकडे काळे कुळकुळीत दिसेपर्यंत फिरवा. तिसऱ्या-चौथ्या टिचकीला थांबले.

मग काही बोललेच नाहीत. काकू झोपाळ्यावर वाती वळत बसली होती, तिच्याकडे वळले. डावा तळवा लेन्सखाली गेला, अंगठा आणि मधलं बोट रिंगवर आले, कोपर बरगडीला टेकलं. मी हे शिकवलेलं नाही. स्क्रीनसमोर दोन्ही हात पुढे धरलेला माणूस आणि कपाळाला कॅमेरा टेकवलेला हा माणूस एकच आहे, हे पटत नव्हतं. या दोन्ही बॉड्यांत स्टेबिलायझेशन नाही आणि जी१ चा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीच्या साधारण निम्माच असल्याने तिच्यावर ५८ ची लेन्स ११६ सारखी वागते, त्यामुळे या टेकण्यालाच मोल आहे.

मोजून पाहिलं. काकूचा चेहरा, दीड मीटर, एफ/२, प्रत्येक बॉडीवर काकांचे वीस फोटो. सोनीवर स्पष्टतेची जाडी जेमतेम पाच सेंटीमीटर येते. काकूच्या डोळ्यावर धरायला गेलं तर कुडीवर जातं. जी१ वर मी दीड मीटरऐवजी दोन मीटरवर बसवलं, चौकटीत चेहरा साधारण तेवढाच राहावा म्हणून.

सोनी : डोळा स्पष्ट ७. जी१ : १५.

पीकिंग इथे उलट आड आलं. रेघ उमटते ती जिथे उठाव जास्त तिथे, म्हणजे चष्म्याच्या काळ्या काडीवर, साडीच्या जरीकाठावर. म्हाताऱ्या डोळ्याच्या मऊ कडेवर ती उमटतच नाही. शिवाय छोट्या चित्रावरून रेघ काढायची असल्याने खऱ्या फोकसच्या पुढे-मागेही ती दाखवते. जी१ ला पीकिंग नाही. बटणं दाबून मधला भाग मोठा करायचा, पापणी बघायची, रिंग फिरवायची. वेळ लागतो. काकांना तो वेळ घ्यायची सवय आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना आवडली. झेनिटमध्ये अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बंद केलं की आतलं चित्र काळोखं व्हायचं, म्हणून उघडं ठेवून फोकस करा, मग बंद करा. ४४-२ ला त्यासाठीच दोन रिंगा आहेत. इथे एफ/८ ला, म्हणजे भोक बारीक केल्यावर सुद्धा, आत उजेड तसाच राहतो, बॉडी तो भरून काढते. "दुसरी रिंग मग कशाला?" म्हणाले, आणि तरी सवयीने फिरवत राहिले.

२६ जुलै

तीन दिवस पाऊस. १०५ साठी निकॉन अॅडॉप्टर आला, जी१ वर लावली. २१० ची लेन्स झाली. आमच्या माजघरात मागे सरकायला जागाच नाही, पाठ भिंतीला लागते आणि चौकटीत नाक आणि कपाळ. सोनीवर १५७, तिथेही अवघडच. स्टुडिओतली राणी या छोट्या सेन्सरांवर घरात चालणार नाही, गच्चीवर चालेल. चित्र लहान करून सेन्सरवर उतरवणारे काचेचे अॅडॉप्टर २०१३ पासून मिळतात, त्याने २१० चं १५० होईल आणि उजेडही एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढेल. चांगल्याची किंमत आमच्या दोन्ही बॉड्यांहून जास्त आहे. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेली) मिररलेस घेतली तर १०५ ची १०५ राहील. सोनीची ए७ २०१३ च्या शेवटी आली आणि जुन्या लेन्सवाल्यांनी तिच्यावर उडी मारली ती याचसाठी. आपल्या पैशांत ती नाही. मला याचं वाईट वाटतंय, कारण माझी आवडती लेन्स तीच आहे.

३ ऑगस्ट, रविवार

क्लिक ३ कडे वळले. हे कामाच्या यादीत नव्हतं, पण राहवेना. काकांचा पहिला कॅमेरा, आणि बडोद्यातच बनलेला : न्यू इंडिया इंडस्ट्रीजने इथे अग्फाच्या परवान्यावर हे बनवले. १२० ची रोल, ६ बाय ६ सेंटीमीटरची निगेटिव्ह, एका रोलवर बारा फोटो. देशभर कितीतरी घरांतले शाळेच्या गणवेशातले फोटो या पेटीतून निघालेत.

पाठ तुटलेलीच होती म्हणून समोरची काच काढली. खिडकीचं चित्र भिंतीवर पाडून काकूच्या शिवणाच्या टेपने मोजलं, भिंगापासून भिंतीपर्यंत सव्वासात सेंटीमीटर. एवढ्या अंतरावर काच धरायची तर नळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात एकात एक सरकणारे पीव्हीसी पाइपचे तुकडे मागितले, तर दुकानदार म्हणाले, "बेन, आनुं शुं बनाववानुं छे?" (ताई, याचं काय बनवायचंय?) कॅमेरा म्हटल्यावर त्यांनी पैसे घ्यायच्या आधी क्लिकची काच उजेडात धरून बघितली. त्यांच्या वडिलांकडेही होता.

बॉडी कॅपला भोक, त्यावर नळी, आतून काळा मॅट कागद. कागद लावायच्या आधी पांढऱ्या पाइपच्या आतून उजेड उसळून सगळं दुधाळ येत होतं, तो लावल्यावर रंग खाली बसले.

१० ऑगस्ट, रविवार

क्लिकच्या काचेचे फोटो. मध्य अपेक्षेहून खूपच बरा, कडा कुठेच नाहीत. म्हणजे असं की त्या काचेचं सौंदर्य कडांत होतं, मधे चेहरा स्पष्ट आणि चारी बाजूंनी विरघळत जाणारं अंगण. निगेटिव्ह सहा सेंटीमीटर रुंद होती, जी१ चा सेन्सर १७.३ मिमी. आपल्या वाट्याला फक्त मधला तुकडा येतो. सोनीवर साडेतेवीस मिमी, थोडी कड येते, पण तीही पुरेशी नाही. जुनी लेन्स लावली की जुना फोटो मिळतो असं मी आजवर समजत आले होते. क्लिकच्या बाबतीत ते नक्कीच खरं नाही.

काकांना मी हे सांगितलं. ते जुना अल्बम घेऊन आले, काळ्या पानांचा, कोपऱ्यांना चिकटवलेल्या कागदी त्रिकोणांचा. काकूचा लग्नानंतरचा पहिला फोटो, सयाजीबागेत. चेहरा बघा, म्हणाले. चेहरा खरोखरच आजच्या माझ्या फोटोइतकाच स्पष्ट होता. मग बाजूची झाडं बघितली, ती पाण्यात विरघळल्यासारखी.

१६ ऑगस्ट, शनिवार

निर्णय. काकांसाठी जी१ आणि हेलिओस. तिच्या सावल्यांत दाणे जास्त, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ८०० च्या वर मी त्यांना जाऊ देणार नाही, आतले रंग फाटतात, सोळा वर्षांच्या बॅटऱ्या लवकर उतरतात. नवी बॅटरी मागवलीय. आतला उजेड आणि चकतीची सोय यांच्यापुढे हे सगळं मला मान्य आहे. स्वतः काही काढायचं तर मी सोनीच उचलेन, माझे डोळे चाळिशीत आहेत आणि रात्री तिला तोड नाही. टाकुमार तिच्यावर ठेवतेय.

दोन्ही बॉड्यांत एक सेटिंग विसरलं की शटरच दबत नाही : लेन्स ओळखता येत नसताना फोटो घेऊ दे, असं मेनूत सांगावं लागतं. काकांसाठी ते कागदावर लिहून बॅगेत टाकलं. बॅटरी काढल्यावर सेटिंग जात नाही, तेही तपासलं.

२४ ऑगस्ट, रविवार

अॅडॉप्टर काढून पुन्हा लावला तर हेलिओस हलायला लागली. स्क्रू ढिला. आवळला, वर नेलपॉलिशचा थेंब. काकूची बाटली, लाल.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

खिडकी गौरींच्या डावीकडे. सकाळी अकरा, पावसाळी उजेड. हेलिओस एफ/२.८, १/१२५, आयएसओ ४००. मुखवट्यांच्या मागे फुलांची माळ आणि त्यामागे छोट्या दिव्यांची सर, ती विरघळून गेल्यासारखी आली.

काकांनी स्टूल मागितलं, गुडघे दुखतात. स्टुलावर बसून उंची मुखवट्याच्या डोळ्यांना जुळली. पाहुण्यांना थांबवलं, खोलीत कुणीतरी हसत होतं त्यालाही गप्प केलं. रिंग फिरवली, पुढे नेली, परत आणली. अकरा फोटो काढले. स्टुडिओतही रोल संपेपर्यंत एकाचे फोटो काढायचे नाहीत असा त्यांचा नियम होता, शेवटचा फोटो हातचा राखायचा. क्लिकच्या रोलचे बारा होते, तो हिशोब त्यांच्या बोटांत अजून आहे. बारावा त्यांनी गौरींचा काढला नाही. वळून ओटीचं तबक धरून उभ्या असलेल्या काकूचा काढला, तिला कळायच्या आत.

पडद्यावर मोठा करून बघितला. डावी पापणी स्पष्ट आहे. कुडी किंचित मऊ.